क्राउड कसा आहे? – कोलंबिया (मेरीलँड) आणि तसल्याच आखीव गावांतले अनुभव

तळ्याकाठची
घर विकायला काढलंय. परवा एका आपल्याच माणसाचा फोन आला. छप्पर किती जुनं, बेसमेंटला ओल येते का, काही नाही. पहिला प्रश्न, "काकू, तिकडचा क्राउड कसा आहे?" एजंट सांगत नाही म्हणे. सांगेल कसा? शेजारी कोण राहतं ते सांगून गिऱ्हाईक इकडेतिकडे वळवायला १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं बंदी आहे. म्हणून मग काकूंना फोन.

"सगळे आहेत" म्हणून ठेवला, पण शेजारच्या आजी आठवत राहिल्या.

आम्ही कोलंबियातल्या ओकलंड मिल्स या व्हिलेजला आलो तेव्हा टपालाच्या पेट्या दारात नाहीत, पार कोपऱ्यावर एकत्र, याचाच मला वैताग होता. दोन बिलांसाठी बर्फात बूट घालून जा. आजी तिथेच भेटल्या. त्या काळ्या, आजोबा गोरे. मेरीलँडमध्ये १९६७ पर्यंत असं लग्नच बेकायदा होतं, ते दोघं दुसऱ्या राज्यात लग्न करून आलेले. बाल्टिमोरकडे घर बघायला आजोबा एकटे गेले की घर रिकामं असायचं, दोघं गेले की "आत्ताच गेलं हो". कोलंबियाच्या ऑफिसात मात्र बाईंनी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. आजी हे सांगताना अजून हसायच्या.

पेट्या एकत्र का हेही त्यांच्याकडूनच कळलं. माणसं रोज एकमेकांच्या तोंडावर यावीत म्हणून राउजनं मुद्दाम तशा ठेवल्या. जेम्स राउज काही संत नव्हता, मॉल बांधणारा बिल्डर. बनावट कंपन्यांच्या नावानं शेतकऱ्यांकडून चौदा हजार एकर गुपचूप उचलली, एकरी साधारण १५०० डॉलरनं, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये जाहीर केलं की इथे शहर होणार. काळे-गोरे, साहेब आणि झाडूवाला, सगळे एकाच गावात राहतील आणि वर धंद्यात नफाही होईल, असं त्याचं गणित. १९६७ ला पहिली घरं उघडली.

तुमचेही अनुभव लिहा. कोलंबियाचेच हवेत असं नाही. फक्त "आमच्याकडे तसलं काही नसतं" एवढंच लिहून पळू नका.

गाजरगवत
पेट्यांचं अगदी अगदी! एका बाईनं मला तिथेच गाठून विचारलं, संध्याकाळी तुझ्या घरातून कसला वास येतो. माझ्या पोटात गोळा. तिला फोडणीची कृती हवी होती. कृती दिली, हिंग नाही दिला. तेवढी ओळख नव्हती.

रेस्टनचा_भाडेकरू
आमचं रेस्टन तुमच्याहून थोडं आधीचं, १९६४. वसवणारा रॉबर्ट ई. सायमन, त्याच्या आद्याक्षरांवरून रेस-टन. व्हर्जिनियात त्या काळी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना घर देणं म्हणजे छाती लागते. म्हातारा इथेच राहिला, १०१ वर्षांचा होऊन २०१५ ला गेला. लेक ॲन तळ्याकाठी बाकावर त्याचा ब्राँझचा पुतळा बसलाय, पोरं मांडीवर चढतात.
आता मेट्रोची सिल्व्हर लाइन आली आणि भाडी बघून आम्हीच बाहेर पडतोय. पुढच्या वर्षी बहुतेक हर्नडन. आयडी बदलावा लागणार.

चौथा_कप
धागा छान. वाचतेय. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की लिहिते.

एच४_आणि_मी
मी वेगळं लिहिणार, रागावू नका. कोलंबियात पहिलं वर्ष गाडी नव्हती, नवरा सकाळी सातला जायचा. झाडीतून नव्वद-पंच्याण्णव मैलांच्या पायवाटा, फार सुंदर, पण त्या तळ्याला वळसा घालून परत तुमच्याच दाराशी आणतात. भाजी आणायला जायचं तर बस, आणि ती चुकली की पुढची कधी ते विचारू नका. "राहण्यालायक" म्हणजे कुणासाठी? गाडी असणाऱ्यांसाठी. बस स्टॉपवर रोज तीच माणसं: वृद्धाश्रमात काम करणाऱ्या दोन केनियन बायका, मॉलमधला एक साल्वाडोरचा मुलगा आणि स्वेटरवर ओढणी घेतलेली मी. मला कोलंबियाची डायव्हर्सिटी तिथे भेटली. तलावावरच्या कॉन्सर्टला त्यातलं कुणी दिसलं नाही.

आजोबा_व्हिजिटर
सून म्हणते तुम्हीही लिहा. मी सांगलीहून चार महिन्यांसाठी आलो आहे. इथे रस्त्यांची नावे कवितांतून व कादंबऱ्यांतून घेतली आहेत असे कळले. फार हौस. परंतु सर्व रस्ते वळून स्वतःच्याच पोटात शिरतात. फिरायला गेलो व चुकलो. फोनवर सुनेने विचारले, बाबा, पाटीवर काय आहे? मी वाचले, सेटन वुड ड्राइव्ह. स्पेलिंग विचारले तर सैतानाचे. ती म्हणाली, थट्टा नको, खरे सांगा. शेवटी एका शीख गृहस्थाने घरी सोडले, चहा न घेता गेला याचे वाईट वाटते.

गाजरगवत
आजोबा :) :) सैतान वुड खरंच आहे, सुनेला सांगा. हॉबिट्स ग्लेनही आहे, तिथे गोल्फ खेळतात.

नाव_नको
कोलंबियातल्याच रिव्हर हिलच्या बाजूचे आहोत. २०१९ च्या शाळा पुनर्रचनेबद्दल कुणीतरी टोमणा मारायच्या आत मीच लिहितो. गरीब मुलांचं प्रमाण शाळाशाळांत सारखं करायचं म्हणून काउंटीनं सात हजारांवर मुलं हलवायचा प्रस्ताव आणला. आम्ही जास्तीचे दोन लाख मोजून घर घेतलं ते शाळेसाठी. मुलगी ज्या शाळेत चालत जाईल ती सोडून तिला बसमध्ये बसवणार? विरोध केला, बोर्ड धरून उभा राहिलो, पुन्हा करीन. याला वंशद्वेष म्हणणाऱ्यांनी तो मोर्चा बघायला हवा होता. चिनी, कोरियन, देशी, गोरे, सगळे एका रांगेत. इतका डायव्हर्स मोर्चा राउजलाही जमला नसता.

तळ्याकाठची
@नाव_नको, शेवटच्या वाक्याला हसले, खोटं कशाला बोलू. पण तेच तर म्हणतेय. रंग कुठलाही चालतो आपल्याला, पगार जुळला पाहिजे. राउजच्या वेळी धर्मसंस्थांनी मिळून गावागावात कमी भाड्याची घरं बांधली, ती तुमच्या बाजूला सरकेपर्यंत जमिनीचा भाव कुठे गेला होता ते बघा. दहा व्हिलेजेसपैकी रिव्हर हिल शेवटचं. आणि आमच्या ओकलंड मिल्सबद्दल तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर काय लिहितात ते माझ्यापर्यंत येतं हो.

नाव_नको
ताई, ग्रुप माझा नाही. वादही नकोय. बस पाऊण तासाची होती एवढंच.

डबा_ड्युटी
मी इथल्याच एका शाळेत जेवणाच्या सुट्टीला देखरेख करते (शाळा सांगत नाही). त्या गडबडीनंतर नवी मुलं आली. पहिले काही महिने टेबलं वेगळी. मोफत जेवणवाली रांग कुठली आणि घरचा डबा कुठला, दारातून कळायचं. मोठ्यांनी पेपरात लेख लिहिले, पोरांनी काहीच केलं नाही. मग बास्केटबॉलचा सीझन सुरू झाला आणि टीमची पोरं एका टेबलावर सरकली, बाकीच्यांची सरमिसळ त्यांच्यामागून. मुलींना जास्त वेळ लागला. एक कोपऱ्यातलं टेबल अजूनही आहे तसंच आहे. नोव्हेंबर २०१९ ला मतदान झालं, पुढच्या वर्षी अंमल सुरू झाला तो कोविडात, त्यामुळे नव्या शाळेत कितीतरी मुलं आधी स्क्रीनवरच गेली. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.
नंतर लिहिते, घंटा झाली.

फावडं
अवांतर: हॉलिवूडचा नट एडवर्ड नॉर्टन हा राउजचा नातू, कोलंबियातच वाढला. वाइल्ड लेक हायस्कूल.

मिष्टी_नव्हे_मिसळ
खरं?? मी त्या शाळेसमोरून रोज जाते!

फावडं
हो, पण तो शिकला ती इमारत गेली. १९७१ ची मूळ शाळा खुली होती, वर्गांना भिंतीच नाहीत, ज्यानं त्यानं आपापल्या गतीनं शिकायचं. नव्वदीत पाडून भिंतींची बांधली. शिक्षकांनी पेढे वाटले असतील.

६८_सेंट
सगळे आदर्शवाद बोलताहेत, हिशोब मी सांगतो. इथे नगरपालिका नाही, महापौर नाही. तळी, स्विमिंग पूल, पायवाटा सांभाळते ती असोसिएशन, आणि त्यासाठी घराच्या निम्म्या किमतीवर दर १०० डॉलरला ६८ सेंट दरवर्षी. पाच लाखांचं घर म्हणजे १७०० डॉलर, काउंटीचा कर वेगळा. बदल्यात तेवीस उघडे पूल. मला पोहता येत नाही.

मिष्टी_नव्हे_मिसळ
मग शिका ना! १७०० भरताय तर.

चौथा_कप
आले. कुकर, मग पाहुणे, मग विसरले.
आम्ही इंटरफेथ सेंटरमध्ये हॉल घेऊन हळदीकुंकू केलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे राउजनं प्रत्येक पंथाला वेगळी जागा देण्याऐवजी एकच इमारत सगळ्यांना वाटून दिली, पहिली १९७० ला वाइल्ड लेकला. तर आमच्या शेजारच्या हॉलमध्ये बार मिट्झ्वा (ज्यू मुलाची मुंज म्हणा). त्यांच्या दोन मावश्या चुकून आमच्याकडे शिरल्या, आम्ही लगेच कुंकू-तिळगूळ-वाण. वाणात स्टीलचा डबा होता. थोड्या वेळानं त्या बाकीच्या मावश्यांना घेऊन आल्या! डबे कमी पडले, सासूबाई अजून त्यावरून बोलतात.
शाळांना दिवाळीची सुट्टी मिळायला लागली तेव्हा पहिला अभिनंदनाचा मेसेज त्यातल्याच एकीचा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तोवर पत्ताही नव्हता.

वाशी_सेक्टर_नऊ
तुमचं वाचून सिडकोची आठवण आली. वाशीत जेएन-१, जेएन-२ टाइपची घरं, एका बिल्डिंगीत माथाडी, बँकेतले, केरळी नर्स, सगळे. कुणी आदर्शवाद शिकवला नाही, पाणी एकाच वेळी यायचं म्हणून ओळखी झाल्या. आता तिथे रीडेव्हलपमेंटचे टॉवर आणि गेटवर "कुणाकडे जायचंय" विचारणारा वॉचमन. माझ्याच बालपणीच्या बिल्डिंगीत मला ओटीपी लागतो.

एच४_आणि_मी
ओटीपी :( :(

हरणांचा_सत्यानाश
टोमॅटोबद्दल कुणीच कसं बोलत नाही? राहण्यालायक म्हणे. कुंपण उंच करायला कमिटीची परवानगी, दाराचा रंग बदलायला परवानगी, आणि हरणांना सगळीकडे मोकळीक. मेथी, टोमॅटो, झेंडू, सगळं साफ. कढीपत्त्याची कुंडी तेवढी वाचली.

गाजरगवत
२०२१ ला ते सतरा वर्षांनी येणारे सिकाडा किडे जमिनीतून आले तेव्हा इथे असायला हवं होतं तुम्ही. हरणं परवडली. फोनवर आईला वाटलं मिक्सर चालू आहे.

डबा_ड्युटी
परत आले. @एच४_आणि_मी, बस स्टॉपचं लिहिलंत ते फार पटलं. व्हिलेज सेंटरला चालत जाऊन वाणसामान आणायचं हीच मूळ कल्पना होती. मग मोठी दुकानं बाहेर रूट १७५ ला उघडली आणि आतली गेली. वाइल्ड लेकचं किराणा दुकान २००६ ला, लाँग रीचचं २०११ ला. गाडीवाल्यांना फरक पडला नाही. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंचं मात्र दूधसुद्धा दुसऱ्यावर आलं. मी गुरुवारी त्यांना नेते, येताना त्या चर्चमधल्या भानगडी सांगतात, मी मंडळातल्या. नावं वेगळी, बाकी सेम.

आजोबा_व्हिजिटर
मंडळातील भानगडी इथे लिहिता येतील का?

डबा_ड्युटी
काका, नाही :) तुमची सूनबाई कार्यकारिणीत आहे.

मिष्टी_नव्हे_मिसळ
कुणाला ओला शेवगा कुठे मिळतो माहितेय का? इंडियन स्टोअरमध्ये वाळलेल्या काठ्या आहेत नुसत्या.

फावडं
एलिकॉट सिटीला रूट ४० वर, कोरियन वे लागतो तिथल्या मोठ्या कोरियन दुकानात बघा. मेथीही असते कधीकधी. काउंटरवरच्या कोरियन काकू "मुनगा" म्हणतात, कुणा नागपूरकरानं शिकवलंय कळत नाही.

हरणांचा_सत्यानाश
मीच तो.