नोसचमेथडएरर नेमका महिनाअखेरीलाच का? मेथड कॉलचं लिंकिंग कधी होतं?

शिरोलीकर
एका फाउंड्रीचं जावा 17 मधलं सॉफ्टवेअर आहे. वर्षभराच्या कास्टिंगचं एकूण वजन ग्रॅममध्ये देणारी मेथड इंट (मर्यादित आकाराचा पूर्णांक) परत करायची. बेरीज 2,147 टनांच्या वर गेली की आकडा उणे यायचा, म्हणून रिटर्न टाइप लाँग (मोठा पूर्णांक) करून कोअर जार (कंपाइल केलेल्या क्लासची फाइल) बदलली. रिपोर्टची जार जुनीच ठेवली, कारण तिथे उत्तर आधीपासूनच लाँगमध्ये घेतलंय, एक ओळही बदलायची नव्हती. रोजच्या नोंदी व्यवस्थित चालल्या. महिनाअखेरीला रिपोर्टचं बटण दाबलं आणि नोसचमेथडएरर, म्हणजे मेथड सापडली नाही! मेथड तर समोर दिसतेय. आणि चुकलंच होतं तर सुरू होतानाच का नाही बोंबललं?
शिवाय स्टील कास्टिंगचा तिसरा क्लास घातल्यापासून बेरजेचं लूप मंदावलंय. दोन्हीचा काही संबंध?

कॉन्स्टंटपूल
भावा, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. कॉलमध्ये लिहिलेली मेथड शोधणं, म्हणजे लिंकिंग, त्या जागेपुरतं एकदाच होतं. समोरच्या ऑब्जेक्टनुसार कोणत्या क्लासची मेथड चालवायची, हे दर कॉलला ठरतं. एरर पहिल्यातली आहे.

क्लास फाइलमध्ये कॉलच्या जागी पत्ता नसतो. कॉन्स्टंट पूलमध्ये (त्याच फाइलमधल्या नावांच्या तक्त्यात) क्लासचं नाव, मेथडचं नाव आणि डिस्क्रिप्टर (मेथडच्या टाइपचं वर्णन) एवढंच असतं, आणि डिस्क्रिप्टरमध्ये रिटर्न टाइपही धरलेला असतो. तुझ्या जुन्या रिपोर्टमध्ये इंट देणाऱ्या मेथडची मागणी लिहून ठेवलीय. नव्या कोअरमध्ये तशी मेथडच नाही. सोर्स जुळतो, बायनरी जुळत नाही.

हॉटस्पॉट (जावा प्रोग्रॅम चालवणारं जेव्हीएम) हा शोध ती सूचना पहिल्यांदा चालते तेव्हाच घेतं. रिपोर्टचं बटण दाबेपर्यंत तिथे कुणी फिरकलंच नाही, मग बोंबलणार कोण?

खात्री करायची तर जुन्या क्लासवर जावापी (क्लास फाइल उलगडून दाखवणारं साधन) चालव, सी आणि व्ही हे पर्याय देऊन. इन्व्होकव्हर्च्युअल या कॉलच्या सूचनेच्या ओळीत कंसानंतर आय दिसेल, नव्या कोअरमध्ये जे. (लाँगला जे, कारण एल हे अक्षर ऑब्जेक्टच्या टाइपसाठी आधीच घेतलंय.)

उपाय म्हणजे रिपोर्टची जार पुन्हा कंपाइल करणं. ती दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर इंटवाली मेथड राहू दे आणि लाँगवालीला नवं नाव दे. फक्त रिटर्न टाइप वेगळा असलेल्या एकाच नावाच्या दोन मेथड जावासी (जावाचा कंपायलर) घेत नाही. आणि चालू प्रोग्रॅमखालची जार बदलू नकोस. एकदा फसलेला शोध त्या जागी पुढेही तीच एरर देतो, रीस्टार्ट लागतोच.

रंकाळा_टॉवर
मंदपणाबद्दल. आधी प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लाव. महिन्याच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळ डेटाबेस खातो, मेथड कॉल नव्हे. लूपच दोषी निघालं तर पुढचं वाच.

हॉटस्पॉट प्रत्येक कॉलच्या जागी कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट आले याची नोंद ठेवतं, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त दोनच क्लासची. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न हे दोनच क्लास असेपर्यंत सी2 (प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणारा हॉटस्पॉटचा कंपायलर) दोन तपासण्या टाकून दोन्ही मेथड लूपमध्येच उतरवत, म्हणजे इनलाइन करत होता. तिसरा आला, आणि कोणताही एक 90 टक्क्यांच्या आसपास नसेल, तर तो इनलाइन करणं सोडतो आणि खरा कॉल करतो. इंटरफेस असेल तर आयटेबलमध्ये (क्लासच्या इंटरफेस-मेथडच्या तक्त्यात) आधी तो इंटरफेस शोधावा लागतो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास असेल तर व्हीटेबलमधली (क्लासच्या मेथडच्या तक्त्यातली) ठरलेली जागा थेट मिळते. खरा तोटा मात्र इनलाइन न होण्याचा, कारण त्यापुढची सगळी ऑप्टिमायझेशन अडतात.

यादी प्रकारानुसार लावली तर पुढे कोणती मेथड येणार हा प्रोसेसरचा अंदाज सुधारतो, पण कंपायलरचा निर्णय बदलत नाही, त्या जागी येणारे क्लास तीनच राहतात. तीन याद्या करून एकाच कॉमन मेथडला दिल्या तरी तेच, नोंद त्या मेथडच्या बाइटकोडला (कंपाइल झालेल्या सूचनांना) चिकटलेली असते. लूपच तीन ठिकाणी वेगवेगळी लिहावी लागतात. दिसायला ओंगळ, पण चालतं.

इनलाइन होतंय का ते बघायला अनलॉकडायग्नॉस्टिकव्हीएमऑप्शन्स आणि प्रिंटइनलायनिंग हे जेव्हीएमचे पर्याय चालू कर. जेएमएचने (जावा कोडचा वेग मोजायचं साधन) मोजत असशील तर फोर्क (चाचणीसाठी वेगळी प्रोसेस) शून्य ठेवू नकोस. एका चाचणीची नोंद दुसरीत मिसळते आणि पहिली उगाच वेगवान दिसते.

शिरोलीकर
जावापीत आयच निघाला, जार पुन्हा कंपाइल करतो. आता इंटरफेसमध्ये नवी मेथड घालायचीय. स्टीलचा क्लास वेगळ्या जारमध्ये आहे, तो तसाच ठेवला तर चालेल?

कॉन्स्टंटपूल
लोड होईल, नावही सापडेल. मग स्टीलचा ऑब्जेक्ट आला की अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथडएरर (बॉडी नसलेली मेथड बोलावली), तीही फक्त त्याच ऑब्जेक्टवर. ग्रे आयर्नवर टेस्ट केलीस तर पत्ताही लागणार नाही. मेथड डिफॉल्ट म्हणून (इंटरफेसमध्येच बॉडी देऊन) लिही, जावा 8 पासून ती सोय आहे. पण डिफॉल्टमधून शून्य परत करू नकोस. एरर जाईल आणि स्टीलचा आकडा गुपचूप चुकेल.