पिकअप बदलण्याआधी बफर बसवून बघा

गिटार थेट लॅपटॉपच्या माइक-सॉकेटला लावली की आवाज मेलेला येतो, म्हणून नवे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबकीय कॉइल) घ्या असा सल्ला एकाने दिलाय. थांबा राव, पैसे वाचवा! साध्या पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला पुढे १ मेगाओहमच्या आसपास इनपुटचा रोध लागतो. माइक-सॉकेटचा जेमतेम काही किलोओहम. ट्रेबल (वरचे, चरचरीत सूर) तिथंच गळतो.

मी गिटारीतच ९ व्होल्टवर चालणारा एफईटी बफर बसवला, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं एका ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट. मोनो जॅकच्या जागी स्टिरिओ जॅक, बॅटरीची ऋण तार त्याच्या रिंगला (मधल्या संपर्काला). केबल उपटली की बॅटरी बंद. (पहिली बॅटरी महिनाभर केबल लावून ठेवून मीच संपवली.) बफरच्या आउटपुटला कपॅसिटर हवाच, माइक-सॉकेटवर स्वतःचे काही व्होल्ट असतात, ते तो अडवतो.

आता घुंऽऽ. आतल्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून ग्राउंडला जोडली, बरीच कमी झाली. पण कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र तांब्याला जुमानत नाही, आणि मे महिन्यात भुसावळला कूलर बंद करून वाजवायचं म्हणजे भट्टीत बसणं. पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचं) असेल तर बसल्याजागी गिटार फिरवून बघा, एका कोनात घुं बरीच दबते. माझी खुर्ची तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे.