दुसऱ्या सिझेरियननंतर पोटाची शस्त्रक्रिया : सल्ला हवा आहे

गोदाकाठ
नमस्कार. माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली असून धाकटी आता दीड वर्षाची आहे. वजन जवळपास पूर्वीइतके झाले, तरी पोट पुढेच राहिले आहे. उताणे झोपून मान उचलली की बेंबीच्या वर मधोमध उंचवटा येतो आणि तेथे तीन बोटे सहज आत जातात. टाक्यांच्या वर सैल कातडीची घडी आहे, कंबरही दुखते. नाशिक, पुणे किंवा मुंबईत, दीड लाखाच्या आत, टमी टक (सैल कातडी कापून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया) करावे की लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे)? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

केतकी_पुणे
मी पुण्यात संपूर्ण टमी टक करून घेतले आणि त्यावरचा प्रत्येक रुपया सार्थकी लागला असे मनापासून सांगते. स्वतंत्र खोली आणि पोटपट्ट्यासह दोन लाख साठ हजार खर्च आला. पैशांकडे पाहू नका, आयुष्यात एकदाच करायचे असते. आज मी नऊवारी नेसते आणि निऱ्या जागेवर बसतात.

राधा_सातारा
आमच्याकडे बाळंतिणीचे पोट सुती लुगड्याने घट्ट बांधत आणि सव्वा महिना मालीश करत. माझ्या आईला चार मुले झाली, तिचे पोट कधी सुटले नाही. हल्ली शेक नाही, बांधणे नाही, मग शस्त्रक्रियेची वेळ येते.

अंजोर
राधाताई, बांधल्याने आधार मिळतो, बाळंतिणीला बरे वाटते, हे मान्य. परंतु ताणून रुंद झालेली स्नायूंमधली पट्टी त्याने पूर्ववत होते असे म्हणता येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोदाकाठ, तुमच्या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत : चरबी, सैल कातडी आणि बोटे जातात ती स्नायूंमधली फट. लायपोसक्शन फक्त चरबी काढते; सैल कातडी त्याने जात नाही, उलट कधी अधिक लोंबते, आणि स्नायूंमधली फट तशीच राहते. टमी टकमध्ये कातडी कापतात, स्नायू शिवून जवळ आणतात आणि खाली ओढलेल्या कातडीत बेंबीसाठी नवे छिद्र करतात. आधी काही महिने श्वासासह पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम करा. फट पूर्ण मिटली नाही तरी कंबरेला आराम पडू शकतो.

केतकी_पुणे
व्यायाम मीही वर्षभर केले होते. शेवटी शस्त्रक्रियेनेच फरक पडला.

डोंबिवलीकर_मीना
माझ्या बाबतीत अंजोर म्हणतात तेच घडले. लायपोसक्शन करून घेतले, चरबी गेली आणि कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली. कातडीचे काय होईल हे आधी कोणी नीट सांगितले नाही, याचा राग अजून आहे. तेव्हा लायपोसक्शन नकोच.

सुहास_ठाणे
पत्नीच्या टमी टकच्या वेळी पाहिलेले लिहितो, कारण यावर कोणी बोलत नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या होत्या आणि त्यांतून आलेले लालसर पाणी रोज मोजून वहीत लिहावे लागे. पहिले काही दिवस तिला सरळ उभे राहता येत नव्हते, कमरेत वाकूनच चालायची. तरीही पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर तिला चालायला लावत. सुमारे सहा आठवडे जड काही उचलायचे नव्हते, म्हणजे मुलाला कडेवर घेणेही बंद. दीड वर्षाची मुलगी ऐकणार नाही, घरात दुसरे माणूस हवेच. कातडी बेंबीखाली बराच काळ बधिर राहते आणि व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी असल्याची खात्री करा. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर थांबा, कारण गरोदरपणात सगळे पुन्हा ताणले जाते.

राधा_सातारा
तेच म्हणते, घरात माणूस हवे. पूर्वी माहेरी जायचे ते याचसाठी.

निशिगंध
केतकीताईंना अनुमोदन. करायचे तर संपूर्णच करा. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. निदान तेथे जाऊन तपासून या. आणि बेंबीशी हर्निया आहे का, हेही विचारा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम सहसा मिळतो, निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मिळत नाही.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. निशिगंध यांच्या सूचनेवरून नाशिकमध्ये सोनोग्राफी केली. बेंबीशी लहान हर्निया निघाला. आपल्यापैकी काहींनी संपूर्ण टमी टक सुचवले आहे, तरी मी ते करणार नाही. दुर्बिणीतून हर्निया दुरुस्त करून त्याच वेळी स्नायूंची फट शिवून घेईन आणि कातडीची घडी तशीच ठेवीन. साडीखाली ती दिसत नाही, आणि दिसली तरी मला तिचा जाच नाही; जाच आहे तो कंबरदुखीचा आणि त्या उंचवट्याचा. कमरेभोवतीचा लांब व्रण आणि मोठी शस्त्रक्रिया मला नको आहे. शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत ठेवीन, म्हणजे सासूबाई आणि जाऊबाई दोघी घरी असतील.

आता एवढेच विचारते : हर्नियाबरोबर फट शिवण्याचा खर्च मेडिक्लेमने कोणाला मंजूर केला आहे का, की तो सौंदर्योपचार म्हणून वगळला? डॉक्टरांच्या पत्रात कंबरदुखीचा उल्लेख असल्याचा काही उपयोग झाला का?