गोदेतल्या पाणवेली: टोपल्या विणायच्या की खत करायचं?

धागाकर्ता: उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की नाशिकपासून खाली निफाडपर्यंत गोदावरी पाणवेलींनी (जलपर्णीने) झाकली जाते. त्या काढून काठावरच टाकल्या, तर कुजून त्यातलं नत्र आणि स्फुरद परत नदीतच उतरतं. माझ्या मते देठांच्या टोपल्या, चटया, पिशव्या कराव्यात. आसामात हे काम चालतं, आणि आपल्याकडचं मार्च ते मेचं कोरडं ऊन वाळवणीला त्याहून सोयीचं आहे. देठ 60 सेंमीच्या वरचे हवेत. ते मिळतात दाट थराच्या मधोमध. कडेला मोकळ्यावर वाढलेल्या रोपांचे देठ आखूड आणि फुगीर असतात, ते वेणीत बसत नाहीत. मुळं आणि पानं त्याच दिवशी छाटायची. ढिगात राहिलेला देठ तापतो, काळा पडतो. मग धुऊन, पातळ पसरून, रोज उलटून आठवडाभर वाळवायचा.

ओला_सुका: असहमत. आधी हिशेब करा. ट्रॉलीत 3 टन ओला माल धरा. त्यात 93 ते 95 टक्के पाणी, म्हणजे सुका ऐवज 150 ते 210 किलो. त्यातून मुळं, पानं, आखूड देठ वजा केले की विणकामाला किती उरतं? बाकीचा सगळा माल काठावरच राहणार. नदी मोकळी करायची असेल तर खताला पर्याय नाही. शिवाय टोपल्यांचा धंदा उभा राहिला की त्याला दरवर्षी कच्चा माल लागेल. मग नदी साफ व्हावी असं कोणाला वाटेल?

धागाकर्ता: पाणवेली टिकतात त्या सांडपाण्यावर, टोपल्यांच्या मागणीवर नाही. खत होऊ नये असंही मी म्हटलेलं नाही. देठ निवडून उरलेलं सगळं खताला द्या. पण खताचा भाव वाहतुकीतच जातो, देठाचा भाव विणणारीच्या हाती पडतो.

पाचट: खत 'आपोआप होतं' हा गैरसमज नको. ताज्या पाणवेलीचा ढीग घातला तर तो दबतो, हवा जात नाही, घाण वास सुटतो. आधी दोन-तीन दिवस सुकवून मलूल करा, 5 सेंमीचे तुकडे करा, मग उसाचं पाचट आणि शेणकाला यांचे थर द्या. ढीग 1.5 मीटर रुंद, मीटरभर उंच. मूठ दाबल्यावर पाणी ठिबकलं तर आणखी पाचट घाला. आठ-दहा दिवसांनी पलटताना बाहेरचा माल आत गेलाच पाहिजे, कारण 55 अंशांच्या वरची उष्णता फक्त गाभ्यात असते आणि बी मरतं ते तिनेच. हे बी 15-20 वर्षंही जिवंत राहू शकतं. म्हणून फुलोऱ्यानंतर काढलेला माल थेट गांडूळखताला देऊ नका, तिथे ढीग तापत नाही. आणि ढीग पूररेषेच्या वर हवा. खोडाचा एक तुकडा पाण्यात घरंगळला तरी पुन्हा फुटतो.

द्राक्षमळा: मला वेगळीच काळजी आहे. ही वनस्पती जड धातू शोषते, आणि सर्वांत जास्त साठवते मुळांत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्यांच्या खालचा माल न तपासता बागेत टाकणं मला पटत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियम किलोमागे 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक ढिगाचा नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. मुळं वेगळी ठेवा. टोपलीत ती जातच नाहीत, एवढ्यापुरता धागाकर्त्यांशी सहमत.

ओला_सुका: मुळं वेगळी करायची म्हणजे मजुरी दुप्पट. यंत्राने उपसलेला माल मुळांसकट गुंतून येतो. देठही मोडतात.

धागाकर्ता: म्हणून क्रम ठरवा. यंत्र लावण्याआधी दाट थरातले लांब देठ होडीतून विळ्याने कापून घ्यायचे. मुळं पाण्यातच राहतात, ती मागून यंत्र उचलतं. मात्र दोन्ही कामं एकाच आठवड्यात हवीत, नाहीतर कापलेलं रोप पुन्हा पालवतं.

कडवाकाठ: नांदूर मध्यमेश्वरला हा क्रम लावू नका. ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि अभयारण्यही. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथलं काहीच कापता येत नाही. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, तेव्हा होडी नकोच. पाणकणीस या काठावरच्या उंच गवतालाही चटईसाठी मागणी येईल, पण ते इथलंच आहे आणि जांभळी पाणकोंबडी त्यात घरटं करते. ते सरसकट कापण्याला माझा विरोध आहे.

धागाकर्ता: मान्य. पाणकणीस यादीतून काढलं. माझा प्रस्ताव शहरापासून अभयारण्याच्या हद्दीपर्यंतच्या पाणवेलीपुरताच.

पाचट: मग जूनच्या आत उरका. पावसाळी हवेत अर्धवट वाळलेल्या देठाला दोन दिवसांत बुरशी धरते, आणि पूर आला की थर वाहून त्याच अभयारण्यात जाऊन अडकतो.