आरोग्य केंद्रासाठी सोलर : किती किलोवॅट, बॅटरी कोणती?

फार्मासिस्ट, सिंदेवाही तालुका
सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. वादळ आलं की पाच-सहा तास लाईन जाते, पावसाळ्यात कधी रात्रभर. जनरेटर डिझेल खातो. सोलरसाठी निधी मिळतोय, विक्रेता ५ किलोवॅट सांगतो. आयएलआर (लसी ठेवायचा बर्फाच्या अस्तराचा फ्रीज), कूलर, ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) सगळं त्यावर टाकता येईल का?

सोलर तंत्रज्ञ, वर्धा
भाऊ, सगळं टाकू नका. आधी वायरिंग वेगळं करा : बाळंतपणाची खोली, वॉर्डातले दिवे-पंखे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि वॉर्मर (नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र) यांचा स्वतंत्र बोर्ड. ऑटोक्लेव्ह, गिझर, पाण्याची मोटर या बोर्डाला लागताच कामा नये, नाहीतर रात्री कोणीतरी किटली लावतं आणि ऐन बाळंतपणात इन्व्हर्टर ट्रिप होतो.

आता हिशोब. २० वॅटच्या दहा ट्यूब सहा तास म्हणजे १.२ युनिट. ३० वॅटचे सहा बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे पंधरा तास म्हणजे २.७ (जुने पंखे ७५ वॅटचे, तेच ठेवले तर पावणेसात). कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा, चार तास, १.४. वॉर्मर आणि किरकोळ धरून सव्वा. एकूण साधारण साडेसहा युनिट.

पॅनेल मे महिन्याच्या उन्हावर मोजू नका, ऑगस्टवर मोजा. ढगाळ महिन्यात एका किलोवॅटमागे तीन युनिट धरले तरी ३ किलोवॅट पुरतं. पॅनेल उन्हाळ्यातही पूर्ण देत नाही : हवा ४५ अंश असली की पॅनेल ७० च्या आसपास जातं आणि उत्पादन १५ टक्क्यांनी घटतं. दक्षिणेकडे तोंड, २० अंश उतार. कडुनिंबाची सावली एका पॅनेलवर पडली तरी पूर्ण ओळ मार खाते. धुवायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

बॅटरीला रात्रीचे चार युनिट लागतील. लेड-अ‍ॅसिड निम्म्यावरच वापरायची, म्हणून ४८ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता). लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ४८ व्होल्ट १०० एएचमध्ये भागेल. पत्र्याच्या शेडमध्ये लेड-अ‍ॅसिड ठेवू नका; तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं.

शीतसाखळी तंत्रज्ञ
आयएलआरची एवढी चिंता नको. त्याच्या भिंतीतला बर्फ चांगला जमलेला असला की दिवसाला आठ तास वीज पुरते. लाईन गेली की झाकण उघडू नका, स्टॅबिलायझर मात्र हवाच. खरा धोका वेगळा आहे. उन्हाळ्याच्या धास्तीने थर्मोस्टॅट जास्त थंडीवर लावला जातो आणि पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठतात. कुपीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. शंका आली तर शेक टेस्टच (कुपी हलवून करायची तपासणी) करावी लागते. या लसी वरच्या टोपलीत ठेवा, तळाला टेकवू नका. २ ते ८ अंश, नोंद सकाळ-संध्याकाळ. ऑक्सिटोसिनलाही (बाळंतपणात द्यायचं इंजेक्शन) हेच तापमान लागतं, ते औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवा.

नर्सिंग अधिकारी, यवतमाळ
स्लॅबबद्दल कोणी बोललं नाही. होळीच्या आधी गच्ची झाडून चुन्याचे दोन हात द्या, फेविकॉल मिसळून. वॉर्ड दोन-तीन अंश थंड राहतो आणि पंख्यांवरचा ताणही कमी होतो. पहिल्या पावसात चुना जातो, दरवर्षी लावावा लागतो. कूलर नवतपापर्यंत (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) छान चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसती दमट हवा फिरते. मृग लागला की त्याचा उपयोग संपला. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

फार्मासिस्ट, सिंदेवाही तालुका
म्हणजे ५ ऐवजी ३ किलोवॅट आणि उरलेल्यात पंखे बदलायचे. जनरेटर काढून टाकू का?

सोलर तंत्रज्ञ, वर्धा
काढू नका. ऑटोक्लेव्ह आणि लागोपाठच्या ढगाळ दिवसांसाठी राहू द्या. महिन्यातून एकदा भार टाकून चालवा. आणि करारात तडित रोधक, अर्थिंग व पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. बॅटरीचं पाणी कोण भरणार हेही.