मदत हवी आहे: खगोलभौतिकीची युरोपातली संयुक्त मास्टर्स

नमस्कार मंडळी,
धाकटी बहीण इथं कोल्हापुरात फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इरास्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्ती योजनेतली 'मास' ही खगोलभौतिकी आणि अवकाशविज्ञानाची मास्टर्स करायचीय. दोन वर्षं, १२० क्रेडिट्स. रोम, बेलग्रेड, ब्रेमेन, नीस असं फिरत शिकायचं. शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १४०० युरो आणि फी माफ. नाही मिळाली तर घरच्यांना झेपणारं नाही.

अडलंय ते शिफारसपत्रांवर. सर म्हणतात, "तूच लिहून आण, सही करतो." असली गुळगुळीत पत्रं तिकडं चालतात का? तिनं नासाच्या टेस दुर्बिणीचा मोफत डेटा घेऊन पायथनमध्ये एका जोडताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाचा आलेख, काढलाय. एक तारा दुसऱ्याआड गेला की प्रकाश कसा खाली येतो, ते स्वच्छ दिसतं. माझ्या मते हेच तिचं खरं भांडवल, पण अर्जात ते मांडायचं कसं?

आणि आधी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्रयत्न करावा, की थेट अर्ज टाकावा? बाबा तर एमपीएससीचंच धरून बसलेत, ते सोडा.

कोल्हापूर-सांगलीकडचं कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सांगा.