देवदूत वजा केला तरी ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ उरतोच!

कोरडाठाक

डिसेंबर आला की कुणीतरी हा सिनेमा पुढे करतं आणि वर ऐकवतं, ‘श्रद्धा काय असते ते यात बघ.’ यंदा चौथ्यांदा पाहिला. रडलो, कबूल आहे. तरी माझं म्हणणं असं की श्रद्धेचा या सिनेमाशी काही संबंध नाही. देवदूत म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. काढून टाका, भाजी तीच राहते.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. (शेवट फुटणार आहे. सिनेमा १९४६चा आहे, आता काय लपवायचं?) दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा, नायक जेम्स स्टुअर्ट, गाव बेडफर्ड फॉल्स. जॉर्ज बेलीला जग फिरायचंय, पूल बांधायचेत. पण वडील जातात आणि त्यांची ‘बिल्डिंग अँड लोन’ त्याच्या गळ्यात पडते. आपल्या पतसंस्थेची लांबची बहीणच ती, सभासदांच्या ठेवींतून सभासदांनाच घरासाठी कर्ज. गावातला बडा धनको पॉटर लोकांना खुराड्यांत भाड्याने ठेवतो, बेली त्यांना तिथून काढून स्वतःच्या घरात बसवतात. १९४५च्या नाताळच्या आदल्या दिवशी बिलीकाका बँकेत भरायला नेलेले ८,००० डॉलर चुकून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून ते वर्तमानपत्र पॉटरच्याच हातात देतो. पॉटर गप्प बसतो. अटक होणार म्हणून जॉर्ज पुलावर जीव द्यायला जातो. तिथे क्लॅरन्स नावाचा, अजून पंखही न मिळालेला, दुसऱ्या श्रेणीतला देवदूत भेटतो आणि ‘तू जन्मालाच आला नसतास तर’ गाव कसं असतं ते दाखवतो. जॉर्ज घरी पळत येतो, मागोमाग गाव येऊन टोपलीत पैसे ओततं.

आता सांगा, त्या टोपलीत क्लॅरन्सचा एक तरी डॉलर होता का? पैसे आणले ते माणसांनी. मंदीत बँकेसमोर रांगा लागल्या तेव्हा याच जॉर्जने मधुचंद्रासाठी काढलेले २,००० डॉलर काउंटरवर ठेवून त्यांना वाटले होते. बारा वर्षांचा असताना त्याने औषधवाल्या गॉवरची चूक झाकली होती. मुलगा गेल्याची तार हातात असलेल्या त्या म्हाताऱ्याने पुडीत विष भरलं होतं, पोराने ते पोचवलं नाही आणि त्यापायी मार खाल्ला. हे सगळं माणसांनी माणसांचं फेडलेलं देणं आहे. मग पावती वर आभाळात का फाडायची?

खडूस

चार वेळा बघून चार वेळा रडणारा नास्तिक! बसलो बुवा, चालू द्या.

पासबुक

मी सहकार खात्यात ऑडिटर होतो, आता निवृत्त. धागालेखकाने देवदूत वजा केला, मी दयाळूपणाही वजा करतो.

हा बिलीकाका गोष्टी विसरू नयेत म्हणून बोटांना दोरे बांधून हिंडतो. आणि त्याच्याकडे रोकड कुणी दिली? सोबतीला कुणी नाही, भरणा करताना दुसऱ्याची सही नाही. टॅक्सीवाल्या अर्नीला बँकेने कर्ज नाकारलं, बेलींनी घरासाठी ५,००० दिले. तारण काय, तर जॉर्ज म्हणतो, माणूस चांगला आहे, मी ओळखतो. पॉटर यावरूनच बोलतो तेव्हा सगळं थिएटर त्याला शिव्या घालतं. मी तेव्हा गप्प बसतो, कारण शेरा मीही तोच मारला असता.

आमच्या गावच्या पतसंस्थेचा चेअरमन असाच देवमाणूस. ‘आपलाच आहे, देऊन टाका’ हे त्याचं पालुपद. लग्नाला दिलं, विहिरीला दिलं, ट्रॅक्टरला दिलं. संस्था बुडाली, माझ्या आईच्या ठेवी अडकल्या, आणि गावाने टोपली भरून पैसे आणले नाहीत. त्याच्या दारात शेण टाकलं. सिनेमातल्या जॉर्जवर ती वेळ आली नाही कारण पटकथा त्याच्या बाजूची होती.

आणि कळस म्हणजे शेवट. हिशेब तपासायला आलेला परीक्षक स्वतःच टोपलीत पैसे टाकतो! शेरीफ वॉरंट फाडतो! मी असं काही केलं असतं तर पेन्शन विसरा.

बर्फातली कैरी

पासबुककाका, तुमच्या आईच्या ठेवींचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही दोघांनीही एका बाईला सरळ गिळलंत. गावाला जमवलं कुणी? मेरीने! देवदूत नवरोबाला बर्फात फिरवून तत्त्वज्ञान शिकवत होता तेव्हा ही बाई गावात निरोप देत सुटली होती. बिलीकाका टोपली घेऊन येतो तेव्हा तोंडाने सांगतोसुद्धा की हे मेरीने केलं. मधुचंद्राचे पैसे काढून पुढे धरणारीही तीच. गळकं, मोडकं घर सावरणारीही तीच. त्यामुळे कोरडाठाक म्हणतात त्या चांगुलपणाची अर्धी मालकी बायकोच्या नावावर करा.

आणि एक खास खुपणारी गोष्ट. जॉर्ज जन्मला नसता तर मेरीचं काय झालं असतं? ती ग्रंथपाल झाली असती! चष्मा, घट्ट बांधलेले केस, रस्त्यात माणूस दिसला की किंचाळणं. हे म्हणे तिचं घोर दुर्दैव. मी इकडे अमेरिकेत एका लायब्ररीत नोकरी करते. तो प्रसंग आला की नवरा माझ्याकडे बघून हसतो आणि मी उशी फेकते.

बाकी हा सिनेमा ‘नाताळची परंपरा’ झाला त्यातही आभाळाचा हात कमी आणि कारकुनाचा जास्त. १९४६ साली त्याने नफा मिळवला नव्हता. १९७४मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, म्हणून टीव्हीवाल्यांना जवळजवळ फुकटात मिळाला, आणि ते दर डिसेंबरात तो दळत बसले. कुणाच्या तरी टेबलावर बिलीकाका बसला असणार.

नगरी नाताळ

आमच्याकडे नगरला उपासनेनंतर तरुण संघाने एकदा हा सिनेमा दाखवला होता, तेव्हापासून या प्रश्नावर घरात वाद आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरडाठाक, तुम्ही सिनेमाची पहिली दोन मिनिटं वजा केलीत. पडद्यावर माणूस दिसत नाही. बर्फ पडतोय, गावातली एकेक इमारत दिसते आणि आतून आवाज येतात. औषधवाला गॉवर, हॉटेलवाला मार्टिनी, आई, बायको, लेकरं, सगळे जॉर्जसाठी प्रार्थना करताहेत. क्लॅरन्सला पाठवलं जातं ते त्या आवाजांमुळे. म्हणजे टोपली भरायच्या आधी त्याच माणसांनी आभाळ ठोठावलं होतं. तुम्ही म्हणता माणूस की देव, निवडा. सिनेमा ती निवड करायलाच लावत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात क्रियांवाचून विश्वास मेलेला म्हटला आहे, आणि क्लॅरन्सही पुलावर प्रवचन देत नाही, स्वतः नदीत उडी टाकतो. जॉर्जला वाचवायचं तर त्याला कुणालातरी वाचवायला लावलं पाहिजे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मरायला आलेला माणूस कोट काढतो आणि दुसऱ्यासाठी पाण्यात उतरतो.

आता तुमचा पैशांचा मुद्दा. जॉर्ज आनंदाने वेडा कधी होतो? टोपली आल्यावर नव्हे. त्याच्या आधी! कर्ज तसंच, वॉरंट तसंच, पोलीस घरात बसलेले, आणि हा गडी हसत सांगतो की मी तुरुंगात चाललोय. मेरीचे पैसे नंतर येतात. पैसे आलेच नसते तरी तो वाचलेलाच होता. तुमच्या भाजीत ही चव कुठून आली ते सांगा.

कोरडाठाक

पहिल्या दोन मिनिटांचा मुद्दा मान्य, विसरलो होतो.

पण तुरुंगात जायला हसत निघणं याला मी मानसशास्त्र म्हणेन. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला बिल, कर्ज, कोर्ट सगळंच थोडा वेळ गोड लागतं. त्याला देवदूत कशाला, एखादा अपघात टळला तरी पुरतं. स्टुअर्ट स्वतः नुकताच युद्धातून परतला होता, बॉम्बफेकी विमानं उडवून. त्यानंतरचा हा त्याचा पहिला सिनेमा. पुलावर जाण्याआधी मार्टिनीच्या बारमध्ये प्रार्थना करताना त्याचा चेहरा जो फुटतो तो मला कुठल्याही धर्माचा वाटत नाही.

आणि नगरीभाऊ, न्यायाचं काय? पॉटरला काहीच होत नाही. ८,००० गिळून तो शेवटपर्यंत आपल्या खुर्चीत. त्या काळी हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडप्रमाणे पडद्यावरच्या गुन्ह्याला शिक्षा दिसायला हवी होती, तरी हा सुटला. वर कुणी बसला असेल तर त्याला प्रार्थना ऐकू येतात आणि चोरी दिसत नाही? (गंमत म्हणजे १९४७ साली एफबीआयच्या एका टिपणात तक्रार उलटी होती. सावकाराला इतका वाईट रंगवणं ही कम्युनिस्टांची चाल आहे, अशी! पासबुककाका, तुम्ही तिथे कामाला नव्हतात ना?)

पासबुक

नव्हतो. असतो तर टिपण नीट लिहिलं असतं.

पॉटरवर मात्र मी धागालेखकाच्या बाजूने. हातात आलेली परकी रोकड परत न करणं याला आमच्याकडे एकच शब्द आहे, अपहार. बिलीकाकाची हलगर्जी, पॉटरचा अपहार. दोन्हींत फरक आहे आणि सिनेमा तो फरक नीट दाखवतो, एवढं श्रेय देतो.

खडूस

काळजी नको. १९८६मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी ‘हरवलेला शेवट’ म्हणून प्रहसन केलं होतं. त्यात अख्खं गाव पॉटरच्या घरी जाऊन त्याला बदडून काढतं. कोरडाठाकांसाठी तोच शेवट योग्य.

नगरी नाताळ

कोरडाठाक, पॉटरला शिक्षा झाली असती तर तुम्ही म्हणाला असता, बघा, देव पोलीस झाला. नाही झाली तर म्हणता, देव आंधळा. मला विचाराल तर पॉटर सुटतो म्हणूनच मी या सिनेमावर विश्वास ठेवतो. माझ्या ओळखीतले सगळे पॉटर सुटलेलेच आहेत.

बारमधली प्रार्थना तुम्ही काढलीतच, तर पुढचा क्षणही सांगा ना. प्रार्थना संपते आणि शेजारचा माणूस त्याला ठोसा मारतो. मुलीच्या शिक्षिकेवर जॉर्ज फोनवर ओरडलेला असतो, तिचा नवराच बाजूला बसलेला. ओठ फुटतो. जॉर्ज म्हणतो की प्रार्थनेचं हे फळ मिळालं. भाबडा धार्मिक सिनेमा असता तर तिथे घंटा वाजली असती, प्रकाश पडला असता. इथे रक्त येतं. आमच्या पाळकसाहेबांना हा प्रसंग फार आवडायचा. म्हणायचे, उत्तर आलं की ते उत्तरासारखं दिसेलच असं नाही.

बर्फातली कैरी

नगरी, हे वाचून अंगावर काटा आला. पण मग त्या शिक्षिकेचं काय हो? तासभर रडली बिचारी. तिची माफी शेवटापर्यंत कुणी मागत नाही. आणि घरात लेकरांवर खेकसला, टेबल उलथवलं, ते? दयाळू माणसाचा राग नेहमी घरच्यांवरच निघतो, हे सिनेमाने दाखवलं ते मला सगळ्यात खरं वाटतं. चाळीस वर्षांच्या चांगुलपणाचं व्याज त्या एका संध्याकाळी बायकापोरांकडून वसूल केलं त्याने.

कोरडाठाक

रात्री शेवटचा अर्धा तास परत लावला. पाचव्यांदा धरा.

नगरींनी ओठ म्हटलं म्हणून ओठच बघत बसलो. जॉर्ज जन्मलाच नाही अशा त्या गावात पाऊल टाकताच बर्फ थांबतो, आणि जॉर्जच्या लक्षात येतं की ओठातून रक्त येत नाहीये. लहानपणी भावाला बर्फाच्या पाण्यातून काढताना गेलेला कानही ऐकू लागलाय. म्हणजे आयुष्य काढून घेतलं की जखमाही जातात. मग तो पुन्हा पुलावर येतो आणि दुसरी प्रार्थना करतो. पहिलीत वाट दाखव म्हणाला होता. दुसरीत पैसे नाहीत, वाट नाही, फक्त जगू दे. बर्फ पुन्हा पडायला लागतो. पोलीस बर्ट येतो, त्याला जॉर्ज ओरडून काय सांगतो? माझ्या तोंडातून रक्त येतंय! पोरीच्या फुलाच्या, आधी खिशात ठेवलेल्या पाकळ्या पुन्हा सापडतात त्या नंतर. परत आल्याची पहिली खूण म्हणजे तोच ठोसा, ज्याला तो प्रार्थनेचं फळ म्हणून हसला होता.

चार वेळा पाहून हे मला दिसलं नव्हतं. धाग्याचं शीर्षक बदलणार नाही. पण कोथिंबिरीचा शब्द मागे घेतो.

पासबुक

तुमचं रक्त-ओठ चालू द्या, माझी दोन टिपणं राहिली. एक, शेवटी जॉर्जचा जुना मित्र सॅम वेनराइट याची २५,००० डॉलरपर्यंत देतो अशी तार येते आणि सगळे नाचतात. तार म्हणजे रोकड नव्हे. दोन, मंदीच्या त्या दिवशी कार्यालय बंद होताना दोन डॉलर उरतात, आणि जॉर्ज, बिलीकाका वगैरे ते दोन डॉलर मिरवणूक काढल्यासारखे तिजोरीत ठेवतात. रांगेतल्या बाईने साडेसतरा मागितले नसते, सगळ्यांनी वीस-वीस घेतले असते, तर तेही उरले नसते. हा प्रसंग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. शिल्लक जुळते.

खडूस

काका, रडलात का?

पासबुक

शिल्लक जुळते म्हटलं ना.